नान्नज आधी, हिप्परगा नंतर: सोलापुरातलं एक दिवसाचं पक्षीनिरीक्षण

सोलापुरातून पहिल्यांदा पक्षी बघायला निघणाऱ्यांचं वेळापत्रक बहुतेक वेळा ठरलेलं असतं. सकाळी हिप्परग्याचा तलाव, कारण तो जवळ. मग कुठेतरी गरम नाश्ता. आणि साडेदहाच्या सुमारास नान्नजचा माळ. तलावावर मिळेल त्या काठाला उभं राहिल्यामुळे ऊन थेट डोळ्यांत येतं आणि सगळी बदकं काळी दिसतात. माळावर पोचेपर्यंत झळा सुरू झालेल्या असतात. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निकाल लागतो: ‘नान्नजला काही नाही राव.’

नान्नजला भरपूर आहे, फक्त क्रम उलटा धरला जातो. माळ सकाळी, झाडी दुपारी, पाणी संध्याकाळी. हे एवढं जमलं तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं तयारीत आहे.

निघण्याआधी माळढोक मनातून काढून टाका. नान्नजचं अभयारण्य त्याच्या नावाचं असलं तरी आज देशभरात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. ‘माळढोक दाखवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ नमस्कार करून पुढे व्हा. माळढोकाच्या नादात गाडी पळवत फिरणाऱ्यांना जमिनीवर तुरुतुरु धावणारा धाविक दिसत नाही, कबुतरासारखी दिसणारी पखुर्डी दिसत नाही, आणि खरा माळ तोच आहे.

टप्पा १: महिना आणि पाण्याची पातळी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोयीचा काळ. पाहुणे पक्षी ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, तेव्हा सहली खूप निघतात. पण नवख्या माणसाला बदकं ओळखायला तो आठवडा थोडा लवकरच. उन्हाळ्यानंतर बदकांचे नर पिसं बदलतात आणि काही काळ मादीसारखेच मळकट दिसतात. पुस्तकातलं रंगीत चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाहीत, मग माणूस वैतागतो. डिसेंबरच्या मध्यापासून हे बरंच सोपं होतं.

कोकणातले लोक भरती-ओहोटी बघून किनाऱ्यावर जातात. आपल्याकडे ते काम तलावाची पातळी करते. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ भरलेला असला तर चिखल उघडा पडलेला नसतो, त्यामुळे तुतवार, चिखल्या, शेकाटे यांना उभं राहायला जागाच नसते. पाणी हटत गेलं की काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि तिथे गर्दी होते. तेव्हा जाण्याआधी तलावाकडच्या कुणाला तरी फोन करून एवढंच विचारा: ‘पाणी कुठवर आलंय?’

पावसाळ्यात माळ हिरवागार आणि देखणा दिसतो, चंडोल गातात, पण त्याच दिवसांत जमिनीवर घरटी असतात. पाय कुठे पडेल सांगता येत नाही. शिवाय काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

*थांबा:* जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गावातल्या सिद्धेश्वर तलावावर पक्षी बघायचा बेत करू नका. गर्दी, भोंगे, पाळणे, सगळं एकदम असतं. तो तलाव इतर दिवशी, भल्या सकाळी.

टप्पा २: आदल्या आठवड्याची कामं

नान्नज हे अभयारण्य आहे. आत जायला वन विभागाची परवानगी लागते. विनापरवाना घुसणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वेळा आणि शुल्क बदलत असतात, म्हणून मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबू नका. फोन करून विचारा, शक्य असेल तर वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या सोबत मिळेल का तेही विचारा. त्या माणसाची नजर तुमच्या दुर्बिणीपेक्षा जास्त कामाची असते.

नकाशाचं काम आदल्या रात्री करा. मोबाईलवर उपग्रहाचं चित्र लावून तलावाचे काठ नीट बघा. संध्याकाळी तुम्हाला पश्चिमेच्या काठाला उभं राहायचं आहे, म्हणजे सूर्य पाठीशी येईल आणि समोरच्या पक्ष्यावर उजेड पडेल. त्या काठापर्यंत वाट जाते का, की मध्ये कुणाचं शेत आहे, हे घरी बसून कळतं. वाट नसेल तर निदान दक्षिणेकडून बघता येईल असा कोपरा शोधा. तलावावर ऐन वेळी वाट शोधण्यात उजेडाची अर्धी वेळ जाते.

कपड्यांचं थोडक्यात: मातकट, खाकी, फिकट हिरवा. पांढरा शर्ट लांबूनच दिसतो. तळवा जाड असलेले बूट हवेतच. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. पाणी माणशी तीन लिटर. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांना तोड नाही: दिवसभर टिकतं, हात बरबटत नाहीत, आणि वेफर्सच्या पाकिटासारखा आवाज होत नाही.

टप्पा ३: दुर्बीण डोळ्यांना बसवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे जरा थांबून सांगतो. ‘मला दुर्बिणीतून काहीच दिसत नाही’ म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांची दुर्बीण ठीक असते. ती त्यांच्या डोळ्यांना बसवलेलीच नसते.

खरेदी करायची असेल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×४२ ऐकायला भारी वाटते, पण पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि दिसणारा परिसर लहान होतो. उडता पक्षी पकडायला नवख्याला आठच बरी. दुकानात ‘पन्नास पट झूम’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणी घेऊच नका.

आता घरच्या गच्चीवर हे करा:

१. दोन्ही नळ्या जवळ-लांब करत दोन गोलांचा एकच गोल दिसेपर्यंत आणा.

२. चष्मा लावत असाल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत दाबा किंवा फिरवून खाली करा. चष्मा नसेल तर बाहेर काढा. कडा चुकीच्या असल्या की चित्राभोवती काळी सावली नाचते.

३. समोरच्या एखाद्या दुकानाची पाटी निवडा. उजव्या पुढच्या भिंगावर हात ठेवा. डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक फिरवा, पाटीवरची अक्षरं धारदार होईपर्यंत.

४. आता डाव्या भिंगावर हात. मधल्या चाकाला हात लावायचा नाही. उजव्या डोळ्याजवळ एक वेगळी कडी असते, ती फिरवून तीच अक्षरं धारदार करा. काही दुर्बिणींत ही कडी दुसरीकडे असते. सोबतच्या कागदावर बघा.

५. ती कडी ज्या खुणेवर आली ती लक्षात ठेवा. दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं. दुर्बीण दुसऱ्याला दिली आणि त्याने कडी फिरवली, तर परत आल्यावर खूण तपासा.

यानंतरची सवय आणखी महत्त्वाची. पक्षी दिसला की लोक मान खाली घालून दुर्बीण शोधतात, मग वर बघतात, आणि पक्षी सापडत नाही. नजर पक्ष्यावरच रोखून ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. घरी तारेवरच्या कावळ्यावर, समोरच्या टाकीवरच्या पारव्यावर याचा सराव करा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

*तपासा:* तारेवरचा पक्षी दुर्बिणीत पहिल्या फटक्यात सापडतो का? नसेल सापडत तर नान्नजची सहल आठवडाभर पुढे ढकला.

*थांबा:* दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही नाही, मावळतीलाही नाही. मुलं सोबत असतील तर आधी हेच सांगा.

टप्पा ४: सकाळचा माळ

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो. नान्नज शहरापासून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. उजाडताना आत असायचं म्हणजे सहाच्या सुमारास घर सोडायला हवं. तुमच्यासाठी गेट किती वाजता उघडतं त्याप्रमाणे आधीची वेळ रस्त्याकडेच्या शेतांवर घालवा. नान्नज-मार्डीच्या परिसरात शेतंही रिकामी नसतात.

गाडीतून लगेच उतरू नका. माळावरचे पक्षी गाडीला फारसे बुजत नाहीत, पण दोन पायांवरच्या माणसाला लगेच बुजतात. इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. मोबाईलवर गाणी, दार आपटणं, ‘अरे तो बघ!’ अशी आरोळी, यांपैकी काहीही नको. दिशा सांगायची असेल तर गाडीचं नाक बारा वाजले असं धरा आणि ‘दोन वाजता, बोरीच्या अलीकडे’ असं हळू आवाजात सांगा. बोट दाखवून काही उपयोग होत नाही, सगळे बोटाकडेच बघतात.

बघायचं कुठे? नवखे लोक उंच गवतात शोधत बसतात. धाविक बघायचा असेल तर उलट करा: गुरांनी चरून बोडकी केलेली जमीन, नांगरट, मुरमाड उतार. पिसांचा रंग मातीशी इतका मिळून जातो की तो उभा राहिला की डोळ्यांसमोरून गायब होतो. म्हणून रंग शोधू नका, हालचाल शोधा. तुरुतुरु धावतो, एकदम ताठ थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. एकदा तो ठेका नजरेत बसला की मग दुर्बीण लावा: डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी भुवई, तिच्याखाली काळी रेघ, पोटाकडे तांबूस. एक दिसला की आसपास आणखी असतात, जागा सोडू नका.

टिटव्या दोन. डोळ्यापुढे लाल मांस असलेली नेहमीची, ती पाण्याजवळही असते. पिवळं मांस आणि डोक्यावर काळी टोपी असली तर माळटिटवी. ती कोरड्या माळाची. हवेत एका जागी पंख मारत थांबणारा शिकारी दिसला तर पाठ बघा: विटकरी असेल तर खरुची, करडी-पांढरी आणि खांद्यावर काळा डाग असेल तर कापशी. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून इकडून तिकडे घिरट्या घालत जाणारा तो भोवत्या. भोवत्यांच्या मादीची जात ओळखायचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. ‘भोवत्या, मादी किंवा पिल्लू’ एवढी नोंद प्रामाणिक आहे आणि पुरेशी आहे.

पखुर्ड्या उन्हं जरा वर आल्यावर थव्याने पाणवठ्याकडे जातात. पाणवठा शोधायचा सोपा मार्ग म्हणजे मेंढपाळ. ‘मामा, इकडं पाखरं पाण्यावर कुठं उतरत्यात?’ असं विचारा. ‘त्या तळ्याच्या अंगाला, पर आत्ता शेरडं न्यायची हायत तिकडं,’ असं काहीतरी उत्तर येईल. त्यांची शेरडं पाणी पिऊन जाईपर्यंत थांबा. माळ आधी त्यांचा आहे. पाणवठ्यापासून लांब, आडोशाला बसा. पाण्याच्या अगदी काठावर बसलात तर थवा वरूनच वळून निघून जातो आणि उन्हात तहानलेला राहतो.

साडेनऊ-दहाच्या पुढे जमीन तापते आणि तिच्यावरची गरम हवा दुर्बिणीत पाण्यासारखी हलायला लागते. कितीही महाग दुर्बीण असली तरी या झळांवर इलाज नाही. मग जमिनीवर डोळे फोडत बसण्यापेक्षा मान वर करा. याच वेळी गरम हवेच्या आधाराने सापमार गरुड आणि इतर शिकारी उंच चढतात.

*थांबा:* काळवीट किंवा लांडगा दिसला तर गाडी त्याच्यामागे घालू नका. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. फोटो न काढता आल्या पावली मागे फिरा.

टप्पा ५: भर दुपारची झाडी

अकरा ते तीन हा वेळ बहुतेक जण वाया घालवतात किंवा घरी जातात. सावलीत बसून बघण्यासारखं बरंच असतं. विजापूर रस्त्यावरचा सिद्धेश्वर वनविहार सोयीचा (दुपारी आत सोडतात का, आधी विचारून घ्या), नाहीतर नान्नजहून परतताना एखाद्या देवळाजवळचा जुना उंबर, वड किंवा चिंच.

इथली चूक म्हणजे फिरत राहणं. झाडीत एक झाड धरा आणि अर्धा तास बसा. उंबर पिकलेला असेल तर तांबट, हळद्या, बुलबुल, कोकिळा आपोआप येतात. फांद्यांच्या टोकाकडे शिंजीर आणि शिंपी, खोडालगत सातभाई, मधल्या सावलीत शेपटीचा पंखा करणारा नाचण. सातभाई आणि बुलबुल एकाच जागी जमून कलकलाट करायला लागले तर त्यांच्या नजरेच्या दिशेने बघा. बहुतेक वेळा पानांत पिंगळा किंवा शिक्रा दडलेला असतो.

आवाजावरून नाव सांगणारं मर्लिन ॲप हल्ली सगळ्यांच्या फोनवर आहे. कान तयार करायला ते छान आहे, पण त्याने दाखवलेलं नाव ही नोंद नव्हे. कोतवाल दुसऱ्यांची नक्कल करतो, आणि ॲप फसतं. पक्षी डोळ्यांनी दिसला किंवा आवाज तुम्हाला स्वतःला पक्का माहीत असला तरच लिहा. आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो प्रतिस्पर्धी आला असं समजून खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

टप्पा ६: संध्याकाळचा तलाव

साडेतीनपर्यंत हिप्परग्याला पोचा. रस्त्यालगत गाडी थांबवून पुलावरून बघणाऱ्यांत सामील होऊ नका. नकाशात ठरवलेल्या काठाकडे जा, ऊन पाठीशी घ्या.

काठाला गाळपेर असते. पाणी हटलेल्या गाळावर कुणीतरी कष्टाने पेरलेलं असतं, त्यातून चालत जायचं नाही. शेतकरी दिसला तर आधी त्याच्याकडे जा: ‘काका, पाखरं बघायला आलोय, बांधावरून गेलं तर चालंल का?’ परवानगी बहुतेक मिळतेच, वर कुठल्या बाजूला हंस बसतात तेही कळतं.

*थांबा:* शेतीच्या मोटारींच्या केबली काठावरून थेट पाण्यात गेलेल्या असतात. त्यांच्यावर पाय देऊ नका आणि केबल असलेल्या पाण्यात उतरू नका. वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ आतून लिबलिबीत असू शकतो. काठी टोचून बघा.

आता पाणी तीन पट्ट्यांत बघा. आधी काठाचा चिखल, कारण तिथले छोटे पक्षी सगळ्यात आधी उडतात. डावीकडून उजवीकडे सावकाश. शेपूट सतत खालीवर हलवणारा तुतवार, गळ्यात काळी कंठी असलेला चिखल्या, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. मग उथळ पाणी: चमचा, चित्रबलाक, शराटी, बगळे. शेवटी खोल पाणी आणि बदकं.

खोल पाण्यातलं काळं, पांढऱ्या चोचीचं आणि कपाळाचं ते बदक नव्हे, वारकरी. बुटकं, मागून बसकं, सारखी बुडी मारणारी ती टिबुकली. हे दोन बाजूला काढले की उरलेल्यांत आधी रंग बघू नका, चोच आणि शेपूट बघा. चोच टोकाला चमच्यासारखी रुंद आणि पाण्यावर टेकवून गोल गोल फिरत असेल तर थापट्या. नर असो, मादी असो, कुठलाही महिना असो. मान लांब आणि शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. काळ्या चोचीला पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके असतील तर हळदी-कुंकू, हे आपलं बाराही महिन्यांचं. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई मात्र हिवाळा बराच सरल्यावरच नीट उठून दिसते. विटकरी, मोठं, जोडीने काठावर उभं असलेलं ते चक्रवाक. डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असलेले हंस दिसले तर ते पट्टकदंब. दिवस मावळताना काठावरच्या शेतांत चरायला जातात.

मोजायचं कसं? थवा बसलेला असताना दहा पक्षी मोजा, तेवढ्याने पाण्याचा किती तुकडा व्यापला ते नजरेत धरा, आणि तसे किती तुकडे भरतात ते बघा. ‘हजारो होते’ असं लिहिण्यापेक्षा ‘सुमारे ३५०’ कधीही चांगलं, मग ते पन्नासने चुकलं तरी चालेल. थवा उडवून फोटो काढण्यासाठी टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे भेटतात. त्यांना अडवा. ड्रोन असेल तर सहलीतून आधीच वगळा.

रोहित (फ्लेमिंगो) इथे दिसेलच असं नाही. त्यासाठी उजनीच्या पाणलोटावर, करमाळ्याकडच्या केत्तूर-कुगावच्या बाजूला, वेगळा दिवस काढावा लागतो, आणि तोही फेब्रुवारी-मार्चकडे, पाणी उथळ झाल्यावर.

सूर्य मावळल्यावर लगेच निघू नका. ज्वारीची कणसं भरलेली असतात त्या दिवसांत भोरड्यांचे थवे रानांतून रात्रीच्या मुक्कामाला निघालेले असतात. तो खेळ वीस मिनिटांचा असतो, आणि दुर्बिणीशिवाय जास्त चांगला दिसतो.

टप्पा ७: त्याच रात्रीची नोंद

जागेवरच लिहिलेलं खरं. वहीत हा क्रम ठेवा: आकार (चिमणी, मैना, कावळा यांच्या तुलनेत), चोच, पाय, काय करत होता, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग उजेडाप्रमाणे बदलतो, चोच बदलत नाही.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना माळ, झाडी आणि तलाव यांच्या तीन वेगळ्या याद्या करा. ‘सोलापूर, दिवसभर, ६५ जाती’ अशी एकच यादी कुणाच्याच कामाची नाही. सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती चाललात हे भरा. चिमण्या, पारवे, कावळेही लिहा. खात्री नसलेला पक्षी नाव न देता सोडा. घरट्याचा फोटो आणि ठिकाण कुठेच टाकू नका, व्हॉट्सॲपवरही नाही.

जखमी पक्षी किंवा एकाच जागी बरेच मेलेले पक्षी दिसले तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हंसाच्या गळ्यात किंवा कुठल्याही पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं-आकडे वरून खाली वाचले की खालून वर, कुठल्या पायात होती, हे सगळं लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. सोबत फोटो असेल तर कापून, उजळ करून पाठवू नका. मूळ फोटोच पाठवा.